योहान केल्डाल : धान्यातली प्रथिने आम्लाने मोजणारा माणूस



शालेय पोषण आहाराचे आकडे आपल्यापैकी बहुतेकांना तोंडपाठ आहेत. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने. अनेक शाळांत ते स्वयंपाकघराच्या भिंतीवर रंगवलेलेही असतात. मागच्या पालकसभेत एका आजोबांनी त्या १२ वर बोट ठेवलं. घरी म्हशी आहेत त्यांच्या. पशुखाद्याच्या पोत्यावर क्रूड प्रोटीन अमुक टक्के असं छापलेलं असतं, ते त्यांनी वर्षानुवर्षं वाचलेलं. त्यांची शंका अगदी सरळ होती. दाण्यात पीठ असतं, तेल असतं, कोंडा असतो, पाणी असतं. प्रथिने काही खड्यांसारखी निवडून बाजूला काढता येत नाहीत. मग ती मोजली कोणी आणि कशी?

मला उत्तर देता आलं नाही. डी.एड.ला असताना अन्नघटकांचा तक्ता पाठ केला होता, पण तो तक्ता तयार कसा होतो हे मी कधी विचारलंच नव्हतं. घरी येऊन शोधायला बसले, तेव्हा एक नाव पुन्हा पुन्हा समोर आलं. योहान केल्डाल. कॉलेजात विज्ञान शिकलेल्यांनी ते जेल्डाल असंही ऐकलं असेल. डेन्मार्कमध्ये ज चा उच्चार य च्या जवळ जातो, म्हणून मी केल्डाल लिहिते आहे. लांब मानेचा, पेरूच्या आकाराचा एक काचेचा चंबू जगभर त्यांच्या नावाने विकला जातो, पण माणूस मात्र फारसा कोणाला माहीत नाही. म्हणून आजचा लेख त्यांच्यावर.

योहान गुस्ताव क्रिस्टोफर थोर्सागर केल्डाल यांचा जन्म १६ ऑगस्ट १८४९ रोजी डेन्मार्कच्या झीलंड बेटावर, येगर्सप्रीस या गावी झाला. वडील डॉक्टर होते. शाळा रॉस्किल्ड या जुन्या शहरात झाली. तिथून ते कोपनहेगनला गेले आणि तिथल्या पॉलिटेक्निक संस्थेत विज्ञान शिकून १८७३ मध्ये बाहेर पडले. पुढे काही काळ पशुवैद्यक व शेती महाविद्यालयात प्राध्यापक बारफोड यांच्या हाताखाली सहायक म्हणून काम केलं. तिथवरचं आयुष्य कुठल्याही हुशार, मन लावून शिकणाऱ्या मुलाचं असावं तसंच आहे. कलाटणी मिळाली ती १८७५ मध्ये, एका कारखान्यात.

हा कारखाना बिअरचा होता. (पालकांच्या भुवया उंचावल्या असतील तर हरकत नाही. मुलांना सांगताना मी सातूचा कारखाना असं म्हणून बघितलं, पण पाचवीच्या मुलांनी दोन प्रश्नांत सत्य काढून घेतलं. तेव्हापासून खरं तेच सांगते.) कोपनहेगनजवळच्या एका टेकडीवर याकोब क्रिस्टियन याकोबसेन या उद्योजकाने १८४७ मध्ये तो सुरू केला होता. मुलाचं नाव कार्ल आणि डोंगर या अर्थाचा बर्ग, असं मिळून कारखान्याचं नाव पडलं कार्ल्सबर्ग. याकोबसेन यांना विज्ञानाची खरीखुरी ओढ होती. विजेच्या प्रवाहाने चुंबकसूची हलते हे दाखवणाऱ्या ओर्स्टेड यांची व्याख्यानं त्यांनी तरुणपणी ऐकली होती. वडीलधाऱ्यांनी सांगितलं म्हणून अमुक इतके दिवस सातू भिजवायचा, असं त्यांना चालत नसे. का, हे कळायला हवं. त्यासाठी त्यांनी १८७५ मध्ये कारखान्यातच प्रयोगशाळा उभी केली आणि एक नियम घालून दिला, तो मला या सगळ्या गोष्टीतला सर्वांत मोठा वाटतो. इथे जे संशोधन होईल त्यातलं सैद्धांतिक किंवा व्यावहारिक महत्त्वाचं काहीही गुपित ठेवायचं नाही. प्रतिस्पर्धी कारखान्यांपासूनसुद्धा नाही.

बारफोड यांच्या शिफारशीने केल्डाल इथे आले आणि १८७६ मध्ये, वयाच्या सत्तावीस-अठ्ठावीसाव्या नव्हे, जेमतेम सत्ताविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, रसायन विभागाचे प्रमुख झाले. आधीची काही वर्षं त्यांनी मोड आलेल्या सातूतल्या अशा द्रव्यांवर काम केलं, जी पिठाची साखर करतात. आज आपण त्यांना विकर म्हणतो. तापमान वाढवलं तर त्यांचं काम किती वाढतं, कुठे मंदावतं, हे त्यांनी बारकाईने तपासलं. पण कारखान्याला भेडसावणारा प्रश्न दुसराच होता, आणि तो थेट आपल्या आजोबांचा प्रश्न होता.

सातूत प्रथिने किती आहेत? बिअर करणाऱ्याला हे कळणं फार गरजेचं. प्रथिने जास्त म्हणजे पिठूळ भाग कमी, आणि पिठूळ भाग कमी म्हणजे साखर कमी. शिवाय प्रथिने जास्त झाली की पेय गढूळ होतं. दुसरीकडे ती फार कमी झाली तर यीस्टला खायला काही उरत नाही. मोड आणताना, भिजवताना, उकळताना प्रथिनांचं काय काय होतं तेही पाहायचं होतं. म्हणजे एकदा मोजून भागणार नव्हतं. दाण्यात मोजायचं, मोडात मोजायचं, द्रवात मोजायचं, आणि तेही एका दिवसात अनेक नमुने.

त्या वेळी मोजण्याच्या पद्धती नव्हत्या असं नाही. प्रथिनांत नायट्रोजन असतो आणि पीठ, साखर, तेल यांत तो नसतो, हे माहीत होतं. म्हणून नायट्रोजन मोजला की प्रथिनांचा अंदाज येतो. फ्रान्सच्या द्यूमा यांनी १८३० च्या दशकात नमुना जाळून त्यातला नायट्रोजन वायूच्या रूपात गोळा करून मोजण्याची रीत दिली होती. अचूक, पण वेळखाऊ आणि हात कसलेला लागणारी. १८४१ मध्ये विल आणि वारेनट्राप या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी दुसरी रीत काढली, पण ती सगळ्या पदार्थांना लागू पडत नव्हती. आणि बिअरसारखा द्रव आधी आटवा, मग जाळा, हा मोठाच व्याप.

आता इथे थोडं थांबून अनुमापन म्हणजे काय ते पाहू, कारण केल्डाल यांची सगळी युक्ती त्यावर उभी आहे. घरात करून पाहण्यासारखा प्रयोग सांगते. अर्धा लिटर पाण्यात एक लिंबू पिळा. दुसरीकडे खायच्या चुन्याची निवळी करून ठेवा. चुन्याचं काम मोठ्यांनीच करायचं, डोळ्यांत जाऊ द्यायचं नाही आणि प्रयोगातलं काही प्यायचं नाही. एका वाटीत लिंबूपाण्याचे २० थेंब घ्या, चिमूटभर हळद घाला. रंग पिवळा. आता ड्रॉपरने निवळीचा एकेक थेंब सोडा आणि मोजा. बराच वेळ काहीच होत नाही. मग एका थेंबाला पिवळा रंग तांबूस होतो आणि हलवलं तरी तांबूसच राहतो. तिथे थांबायचं. लिंबातलं आम्ल संपलं, म्हणजे उदासिनीकरण पूर्ण झालं. थेंबांचा आकडा लिहून ठेवा.

खरी गंमत पुढे आहे. त्याच लिंबूपाण्यात आता साखर घाला, चवीला मीठ घाला, म्हणजे सरबत झालं. पुन्हा २० थेंब घेऊन मोजा. निवळीचे थेंब जवळपास तेवढेच लागतात. साखर आणि मीठ तिथे आहेत, पण चुना त्यांच्याकडे बघतही नाही. म्हणजे भेसळीच्या नमुन्यातला एक पदार्थ मोजायचा असेल, तर तो वेगळा काढून तराजूत टाकावाच लागतो असं नाही. फक्त त्याच्याशीच घडणारी एक अभिक्रिया हवी, तिला नेमकं किती द्रावण लागलं ते मोजायची सोय हवी, आणि आता पुरे हे सांगणारा एक दर्शक हवा. प्रयोगशाळेत ड्रॉपरच्या जागी ब्युरेट येते, हळदीच्या जागी दुसरा दर्शक, आणि चुन्याच्या निवळीच्या जागी नेमक्या तीव्रतेचं प्रमाण द्रावण. तत्त्व तेच.

पण नमुन्यात आम्ल किंवा आम्लारीच असलेला दुसरा पदार्थ असेल तर हा हिशेब चुकतो. सरबतात कोणी चिमूटभर खायचा सोडा टाकला तर निवळीचे थेंब कमी लागतील आणि आपण म्हणू की लिंबू कमी होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो फार महागात पडणार आहे.

सातूच्या बाबतीत अडचण अशी की प्रथिने लिंबासारखी आंबट नसतात आणि चुन्यासारखी आम्लारीही नसतात. थेंब सोडून मोजावं असं त्यांच्यात काही नाही. केल्डाल यांनी विचार केला तो असा. प्रथिनांना प्रथिने म्हणून राहूच द्यायचं नाही. त्यांची पूर्ण मोडतोड करायची, पण अशी की त्यांच्यातला नायट्रोजन हवेत उडून न जाता अमोनिआच्या रूपात हाती लागेल. अमोनिआ आम्लारी आहे. आम्लारी आली की आम्लाने मोजता येते.

इंग्लंडमध्ये वँकलिन यांनी पाण्याची शुद्धता तपासताना पोटॅशिअम परमँगनेटचा, म्हणजे विहिरीत टाकतो त्या जांभळ्या औषधाचा, असाच उपयोग केला होता. तो आम्लारीयुक्त द्रावणात होता आणि त्यातून नायट्रोजन पुरता बाहेर येत नसे. केल्डाल यांनी बाजू बदलली आणि संहत सल्फ्युरिक आम्ल घेतलं. हे आम्ल किती तापट आहे ते साखरेवर टाकून दाखवलेला प्रयोग ज्यांनी पाहिला असेल त्यांना सांगायला नको. तोललेला नमुना लांब मानेच्या चंबूत घालायचा, त्यावर आम्ल ओतायचं आणि तापवायचं. मिश्रण आधी काळंकुट्ट होतं, फेसाळतं, मग तपकिरी होतं आणि तासा-दोन तासांत हळूहळू निवळत जातं. शेवटी केल्डाल परमँगनेटची भुकटी चिमटी-चिमटीने घालत. कार्बन वायू होऊन निघून जातो, हायड्रोजनचं पाणी होतं, आणि नायट्रोजन मात्र अमोनिअम सल्फेट होऊन आम्लातच अडकून बसतो. चंबूची मान लांब का, तर उकळणारं आम्ल वरच्या थंड काचेला लागून पुन्हा खाली गळावं म्हणून.

आता अडकलेला अमोनिआ सोडवायचा. याचा अनुभव जुन्या माणसांना आहे. कल्हईवाला तापल्या भांड्यावर नवसागर टाकायचा तेव्हाचा तो धूर आठवतो ना? तो नवसागर आणि थोडा ओला चुना एकत्र चोळला की नाकाला झोंबणारा वास येतो, तो अमोनिआचा. आम्लारीने अमोनिआला त्याच्या क्षारातून हुसकून लावलं. प्रयोगशाळेत हेच काम सोडिअम हायड्रॉक्साईड करतं. मग ऊर्ध्वपातन करायचं. अमोनिआ वाफेबरोबर नळीतून पलीकडच्या चंबूत जातो. तिथे आधीच मोजून ठेवलेलं आम्ल असतं, ते त्याला पकडतं. कोंडा, साखर, तेल, मीठ, जे काही होतं ते सगळं मागे राहिलं. पलीकडे आला तो फक्त अमोनिआ.

किती आला हे मोजण्याची रीत मुलांना दुकानाच्या हिशेबाने लगेच कळते. आईने शंभर रुपये देऊन दुकानात पाठवलं आणि चाळीस परत आले, तर साठ खर्च झाले. पावती बघायची गरज नाही. इथे आम्ल आपण मोजून ठेवलेलं आहे. अमोनिआने त्यातलं काही खर्च केलं. उरलेलं किती ते अनुमापनाने मोजायचं. केल्डाल स्वतः ते आयोडिनच्या वाटेने मोजत. नंतरच्या प्रयोगशाळांनी सरळ सोडिअम हायड्रॉक्साईडच्या द्रावणाने मोजायला सुरुवात केली, त्याचा आकडा घालून एक उदाहरण करू.

समजा, १ ग्रॅम सातूचं पीठ घेतलं. पलीकडच्या चंबूत ०.१ नॉर्मल तीव्रतेचं आम्ल २५ मिलिलिटर ठेवलं. शेवटी उरलेल्या आम्लासाठी तेवढ्याच तीव्रतेचं सोडिअम हायड्रॉक्साईड १३ मिलिलिटर लागलं. म्हणजे अमोनिआने १२ मिलिलिटर आम्ल खर्च केलं. या तीव्रतेचं १ मिलिलिटर आम्ल १.४ मिलिग्रॅम नायट्रोजनाबरोबर जातं. १२ गुणिले १.४ म्हणजे १६.८ मिलिग्रॅम. १ ग्रॅममध्ये १६.८ मिलिग्रॅम म्हणजे १.६८ टक्के नायट्रोजन. प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून ६.२५ ने गुणायचं. उत्तर १०.५ टक्के प्रथिने. सहावी-सातवीच्या शतमानात बसणारं गणित आहे हे. (प्रत्यक्षात नमुना न घालता एक कोरा प्रयोगही करतात आणि त्यात येणारा आकडा वजा करतात, कारण वापरलेल्या रसायनांतही किंचित नायट्रोजन असू शकतो.)

७ मार्च १८८३ रोजी केल्डाल यांनी ही पद्धत कोपनहेगनच्या रसायन मंडळात मांडली. तेव्हा ते ३३ वर्षांचे होते. त्याच वर्षी ती कार्ल्सबर्गच्या स्वतःच्या अहवालात आणि विश्लेषण रसायनशास्त्राच्या एका प्रमुख जर्मन नियतकालिकात छापून आली. जर्मनमध्ये आली म्हणजे त्या काळी जगभर पोचली. कारखान्याने पैसे देऊन करवून घेतलेलं संशोधन, आणि ते दुसऱ्या कारखान्यांच्या हातात फुकट. याकोबसेन यांनी आपला नियम मोडला नाही. योगायोग असा की त्याच प्रयोगशाळेत, त्याच १८८३ मध्ये, केल्डाल यांचे सहकारी एमिल क्रिस्टियन हान्सेन यांनी एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवण्याची रीत यशस्वी केली. तीही अशीच सगळ्यांना खुली झाली.

पद्धत झपाट्याने पसरली याचं कारण तिचा सोपेपणा. एका वेळी ओळीने अनेक चंबू तापत ठेवता येत. महागडं उपकरण नको. दाणे, पीठ, दूध, शेण, माती, खत, काहीही चालतं, द्रवसुद्धा. लोकांनी तिच्यात सुधारणाही लगेच केल्या. १८८५ मध्ये विल्फार्ट यांनी धातूंची संयुगं उत्प्रेरक म्हणून घातली तर मोडतोड लवकर होते हे दाखवलं. १८८९ मध्ये गनिंग यांनी पोटॅशिअम सल्फेट घालून आम्लाचा उकळबिंदू वाढवला, म्हणजे ते जास्त तापवता आलं. पुढे १९१३ मध्ये विंकलर यांनी अमोनिआ पकडायला बोरिक आम्ल वापरलं, त्यामुळे वजाबाकीचा हिशेबच संपला आणि आलेला अमोनिआ थेट मोजता येऊ लागला. उत्प्रेरक म्हणून बराच काळ पारा वापरला जाई. तो विषारी, म्हणून आता बहुतेक ठिकाणी तांबं वापरतात. एवढे बदल होऊनही नाव केल्डाल यांचंच राहिलं, कारण मोडा, हुसका, पकडा आणि मोजा हा क्रम त्यांचा आहे.

आता त्या खायच्या सोड्याकडे परत येऊ. केल्डाल पद्धत प्रथिने मोजत नाही, नायट्रोजन मोजते. प्रथिने हा आपण काढलेला निष्कर्ष आहे. पोत्यावर लिहिलेल्या क्रूड प्रोटीनमधला क्रूड हा शब्द तेच सांगतो, कच्चा हिशेब. पहिली गोष्ट म्हणजे ६.२५ हा आकडा सरसकट आहे. गव्हाला ५.७ वापरतात, दुधाला ६.३८, तांदळाला ५.९५. गव्हाच्या पिठात २ टक्के नायट्रोजन निघाला तर ६.२५ ने १२.५ टक्के प्रथिने होतात आणि ५.७ ने ११.४. पीठ तेच, आम्ल तेच, फरक फक्त गुणाकाराचा.

दुसरी गोष्ट गंभीर आहे. नायट्रोजन असलेला दुसरा एखादा पदार्थ मुद्दाम मिसळला तर ही चाचणी त्यालाही बऱ्याचदा प्रथिने समजते. युरियाच्या गोणीवर ४६ टक्के नायट्रोजन लिहिलेला आपण पाहतो. तो कच्चा हिशेब लावला तर १०० किलो युरियात २८७ किलो प्रथिने निघतील! दुधात पाणी घालून वर युरिया मिसळणारे याच फटीतून आत शिरतात. (जनावराच्या पोटातले सूक्ष्मजीव थोड्या युरियाची प्रथिने करू शकतात, म्हणून पशुखाद्यात तो मर्यादेत चालतो. माणसाच्या पोटात ती सोय नाही.) चीनमध्ये २००८ साली जे झालं ते तर अंगावर काटा आणणारं आहे. पाणी घातलेल्या दुधात प्रथिने पुरेशी दिसावीत म्हणून मेलामाईन मिसळलं गेलं. प्लॅस्टिकच्या ताटल्या करायला वापरतात ते मेलामाईन. त्यात वजनाच्या दोन तृतीयांश नायट्रोजन असतो. दुधाची भुकटी चाचणीत उत्तीर्ण झाली आणि तान्ह्या बाळांच्या बाटलीत गेली. सुमारे तीन लाख मुलं आजारी पडली, अनेकांच्या मूत्रपिंडात खडे झाले, आणि सरकारी आकड्यानुसार सहा बाळं दगावली. आम्ल नेहमीप्रमाणे अचूक खर्च झालं होतं. आकडाही बरोबर होता. त्यावर लावलेली चिठ्ठी खोटी होती.

यावर उपाय आहे, आणि तोही केल्डाल यांच्याच रांगेत बसतो. दुधात आधी एक विशिष्ट आम्ल घालून खरी प्रथिने साका म्हणून खाली बसवायची, गाळून घ्यायची, आणि फक्त त्या साक्याची केल्डाल चाचणी करायची. युरिया आणि मेलामाईन पाण्याबरोबर गाळणीतून निघून जातात. काम एका पायरीने वाढतं, एवढंच. मेलामाईन नेमकं ओळखायला आता वेगळी यंत्रंही आहेत.

केल्डाल यांना हे सगळं पाहायचं नव्हतं, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर सातूचा दाणा होता, ज्यात कोणी काही मिसळत नाही. ते शेवटपर्यंत कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेतच राहिले. १८९२ मध्ये डेन्मार्कच्या विज्ञान अकादमीने त्यांना सदस्य करून घेतलं आणि १८९४ मध्ये कोपनहेगन विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. १८ जुलै १९०० रोजी, झीलंडच्या उत्तर किनाऱ्यावर तिस्विल्डेलाय इथे समुद्रस्नान करताना त्यांचा मृत्यू झाला. एक्कावन्नावा वाढदिवस महिन्याच्या आत आला होता.

त्यांच्या जागी आले सोरेन सोरेन्सेन. विकरांवर काम करताना त्यांना द्रावण किती आम्लधर्मी आहे हे नेमकं सांगायची गरज पडली, आणि १९०९ मध्ये त्यांनी त्यासाठी एक मोजपट्टी सुचवली. आपण पाठ्यपुस्तकात शिकवतो तो सामू म्हणजे हीच. आम्ल किती आहे हे केल्डाल यांच्या खोलीत मोजलं जात होतंच, ते किती तीव्र आहे हे मोजायची पट्टीही त्याच खोलीतून आली.

पुढच्या सभेत मी आजोबांना सांगितलं. आपल्या खिचडीची रोज कोणी चाचणी करत नाही. एका मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ आपण तोलून घालतो. पोषणाच्या तक्त्यांत तांदळाची प्रथिने शंभराला साधारण सात ग्रॅम धरलेली असतात, तर २० ग्रॅम डाळीत साडेचारच्या आसपास येतात. भाजीतून थोडी भर पडते आणि बेरीज १२ च्या घरात जाते. तक्त्यातला तो आकडा कुठल्यातरी प्रयोगशाळेत दाणे आम्लात उकळून, अमोनिआ पकडून काढलेला असतो. म्हणजे आपल्या हातात उरतं ते वजन. डाळ २० ग्रॅमच्या जागी १२ ग्रॅम पडली तर भिंतीवरचा आकडा तसाच राहील, ताटातला नाही.

आजोबांनी मान डोलावली आणि वजनकाटा कुठे ठेवलाय ते विचारलं.